चव्वेचाळीस नंबरचा अर्नी

मार्क ट्वेनच्या समाधीपाशी एकदा जाऊन उभं राहायचं, ही माझी शाळेपासूनची इच्छा. टॉम सॉयरची मराठीत आलेली गोष्ट हाती पडली तेव्हा मी सातवीत होतो. पुढं बँकेत लागलो, पस्तीस वर्षं खतावण्या तपासल्या आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहिल्या. त्या सगळ्या काळात हा माणूस मनातून गेला नाही. १८९६ साली तो आपल्या मुंबईला येऊन वॉटसन हॉटेलात उतरला होता. ती पडीक इमारत काळा घोड्याला मी कितीदा तरी मान वर करून पाहिली आहे. त्यामुळं निवृत्तीनंतर लेकीकडं इथाकाला गेलो आणि तिथून एल्मायरा तासाभरावर आहे असं कळलं, तेव्हा मी जावयाच्या मागं लकडाच लावला.

एल्मायरा हे न्यूयॉर्क राज्यातलं, पण न्यूयॉर्क शहरापासून बरंच दूर असलेलं लहान गाव. नदीकाठचं, कधीकाळी कारखान्यांनी गजबजलेलं आणि आता जरा थकलेलं. आपल्याकडच्या एखाद्या गिरणीच्या गावाची आठवण यावी असं. ट्वेनची सासुरवाडी इथली, म्हणून तो इथल्या वुडलॉन दफनभूमीत विसावला आहे. त्याच्या मुलीनं उभारलेला स्मारकस्तंभ बारा फुटी आहे. बारा फूट म्हणजे दोन वाव पाणी, आणि नदीतल्या नावाड्यांच्या भाषेत तेच मार्क ट्वेन. हे सगळं मी घरून वाचून गेलो होतो. दर्शन झालं, मन भरलं. परत वळलो तर दफनभूमीतल्या पाट्यांवर आणखी एका नावाकडं बाण दाखवलेला दिसला. अर्नी डेव्हिस. मला काही बोध होईना. बारा वर्षांच्या नातवाला मात्र झाला. त्यानं सिनेमा पाहिला होता. माझा हात धरून तो मला ओढतच घेऊन गेला.

एक साधा दगड. त्यावर नाव आणि साल, १९३९ ते १९६३. बँकेतल्या माणसाचं डोकं आधी वजाबाकी करतं. तेवीस वर्षं.

त्या संध्याकाळपासून पुढचे दोन महिने मी इथाकाच्या वाचनालयात या मुलाविषयी मिळेल ते वाचत बसलो. ट्वेन बाजूलाच राहिला. असं का झालं, याचं एक कारण माझ्या घरात आहे. ते पुढं ओघानं येईल.

अर्नीचा जन्म १४ डिसेंबर १९३९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या न्यू सालेमचा. आई-वडील लवकरच वेगळे झाले आणि वडील अपघातात गेले. बापाचं तोंड आठवावं एवढंही भाग्य त्याला लाभलं नाही. आई तरुण, हाती पैसा नाही. सव्वा वर्षाच्या पोराला तिनं युनियनटाऊनला आपल्या आई-वडिलांपाशी ठेवलं. आजोबा विली डेव्हिस कोळशाच्या खाणीत कामाला होते. घर माणसांनी भरलेलं आणि शिस्तीचं होतं. आजोळी वाढलेली मुलं आपल्याकडंही पुष्कळ असतात. त्यांच्यात कधीकधी एक समजूतदारपणा लवकर येतो, आपण कुणाला भार होऊ नये असा. तो या मुलात शेवटपर्यंत दिसतो. बोलताना तो अडखळायचा. शब्द तोंडात अडकून बसायचे. पळताना मात्र काही अडत नसे.

बारा वर्षांचा झाल्यावर तो आईकडं एल्मायराला आला. तिनं पुन्हा लग्न केलं होतं, घर स्थिरावलं होतं. एल्मायरा फ्री अ‍ॅकॅडमी या शाळेत तो फुटबॉल खेळला, बास्केटबॉल खेळला, बेसबॉल खेळला. शाळेचा बास्केटबॉलचा संघ त्याच्या काळात लागोपाठ ५२ सामने जिंकला. गावाला वाटू लागलं की हा आपला मुलगा आहे. गोऱ्यांची वस्ती जास्त असलेलं ते गाव होतं आणि साल १९५७-५८ होतं. त्याच सुमारास दक्षिणेकडं लिटल रॉकला नऊ काळ्या मुलांना शाळेत पोचवायला लष्कर बोलवावं लागलं होतं. एल्मायरा तसं नव्हतं, पण फार वेगळंही नव्हतं.

आता या खेळाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपण फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायापेक्षा हातातच जास्त. मैदान शंभर यार्डांचं. अकरा गडी या बाजूला, अकरा त्या बाजूला. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्याच्या ताब्यात. ज्याच्या हाती चेंडू, त्याला समोरच्यांनी धरून आडवं पाडायचं. नातवानं समजावलं तेव्हा मला आपली कबड्डीच आठवली. चढाईला गेलेल्या गड्यावर सगळे तुटून पडतात, आणि तरीही तो एखादा हात सोडवून रेषेपर्यंत येतो. अर्नी हा असा चढाईचा गडी होता. हाफबॅक म्हणतात त्याला. चेंडू काखेत घेऊन धावायचं. सहा फुटांहून उंच, भक्कम बांध्याचा, आणि वेग असा की धरायला आलेला हात कपड्याला लागून निसटावा. गावच्या वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला एल्मायरा एक्स्प्रेस हे नाव दिलं, तेच पुढं देशभर चिकटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे तिथलं कॉलेजचं क्रीडाजीवन. आपल्याकडं विद्यापीठाच्या संघाचा सामना पाहायला खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार भेळवाले असतात. अमेरिकेत कॉलेजच्या सामन्याला पन्नास-साठ हजार माणसं तिकीट काढून येतात, गावंच्या गावं बंद पडतात. त्या काळी मुलगा कॉलेजातली वर्षं पुरी करी, आणि मग व्यावसायिक संघ ओळीनं उभे राहून शेवटच्या वर्षाच्या मुलांमधून आपापला खेळाडू निवडत. आधीच्या हंगामात जो सगळ्यांत शेवटी, त्याला पहिली निवड. म्हणून तेव्हा तिथं कॉलेजचं शेवटचं वर्ष म्हणजे खेळाडूच्या आयुष्यातला उंबरठा असे. दरवर्षी वर्तमानपत्रं या मुलांवर पानंच्या पानं छापतात. कोण कुठं जाणार, कोण किती घेणार. आमच्या बँकेत बदल्यांच्या हंगामात असते तशी कुजबुज, पण देशभर.

अर्नीला तीसेक विद्यापीठांनी बोलावलं. तो सिरॅक्यूजला गेला, याचं मोठं श्रेय जिम ब्राऊन या खेळाडूला द्यावं लागतं. ब्राऊन हा त्याच विद्यापीठाचा, वर्ण काळा, आणि त्याला तिथं सुरुवातीला शिष्यवृत्तीसुद्धा नव्हती. उपेक्षा गिळून त्यानं आपल्या ४४ नंबरच्या बनियनचं नाव केलं आणि मग क्लीव्हलंडला व्यावसायिक खेळात तो सर्वांत मोठा झाला. तो या पोराकडं गेला आणि त्यानं सिरॅक्यूजची रदबदली केली. स्वतःला जिथं कडू घास मिळाला, तिथंच धाकट्याला पाठवायचं, हे मला आधी पटलं नव्हतं. नंतर वाटलं, दार थोडं किलकिलं झालं आहे, आता दुसऱ्यानं खांदा लावला तर ते उघडेल, असा त्याचा हिशेब असावा. अर्नीला तोच ४४ नंबर मिळाला.

प्रशिक्षक होते बेन श्वार्ट्झवॉल्डर. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला हवाई छत्रीनं उतरलेला हा माणूस, कडक आणि जुन्या वळणाचा. अर्नीवर त्यांचा जीव होता. पण त्यांना संत करायचं कारण नाही. १९७० साली याच प्रशिक्षकांच्या संघातल्या काळ्या मुलांनी भेदभावाविरुद्ध सरावावर बहिष्कार टाकला, आणि त्याची किंमत त्या मुलांनाच मोजावी लागली. एखाद्या लाडक्या मुलावर माया करणं वेगळं आणि सगळ्यांना एका मापानं मोजणं वेगळं. हे मी शाखाधिकारी म्हणून स्वतःच्या बाबतीतही अनुभवलं आहे. तेव्हा जास्त बोलत नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या काळी मुख्य संघात घेत नसत, त्यामुळं अर्नीला तीन हंगाम मिळाले. त्यातला पहिलाच, १९५९ चा, सिरॅक्यूजनं एकही सामना न हरता जिंकला. शेवटचा सामना १ जानेवारी १९६० ला डलासमध्ये कॉटन बोल या स्पर्धेचा, टेक्सास विद्यापीठाशी. अर्नीची मांडी दुखावलेली होती, खेळेल की नाही अशी शंका. सामना सुरू होऊन लोक जागेवर नीट बसले नाहीत तोवर त्याचा जोडीदार गेरहार्ड श्वेड्सनं फेकलेला चेंडू झेलून तो धावत सुटला. तो झेल आणि ती धाव मिळून ८७ यार्डांची चाल. आणखी एकदा त्यानं रेषा ओलांडली. त्या काळात तेच अकरा जण हल्लाही करत आणि बचावही, म्हणून प्रतिपक्षाचा एक चेंडू त्यानं मध्येच हिसकावला आणि त्यातून आणखी गुण झाले. २३ विरुद्ध १४. सिरॅक्यूज राष्ट्रीय विजेता ठरलं, अर्नी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू.

त्या रात्री डलासमध्ये मेजवानी होती. काळ्या खेळाडूंना सांगण्यात आलं की बक्षीस घ्यायला या, ते घेऊन झालं की निघून जा. पुढचा कार्यक्रम गोऱ्यांसाठी आहे. त्या रात्री पुढं काय झालं, सगळा संघ उठून गेला की नाही, यावर त्या संघातल्याच लोकांच्या हकिकती जुळत नाहीत. मला त्यापेक्षा मेजवानीचा दरवाजा जास्त दिसतो. वीस वर्षांचा मुलगा, मांडी ठणकते आहे, हातात सर्वोत्तमाचा मान, आणि ज्या सभागृहात त्याच्या नावानं टाळ्या झाल्या तिथं त्याला ताट नाही. आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी हे वाचून फार आश्चर्य दाखवू नये. पंगतीतून उठवण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही.

पुढचे दोन हंगाम म्हणजे आकड्यांची दिवाळी. तीन वर्षांत मिळून २,३८६ यार्ड धाव, ३५ वेळा रेषेपार, २२० गुण. जिम ब्राऊनचे विद्यापीठातले विक्रम त्यानं मागं टाकले. २,३८६ यार्ड म्हणजे दोन किलोमीटरांहून थोडं जास्त. मी सकाळी फिरायला जातो तेवढंच. फरक इतकाच, की माझ्या अंगावर अकरा माणसं येत नाहीत. दर धावेला सरासरी सहा यार्डांहून अधिक, असं त्याचं प्रमाण होतं.

मैदानाबाहेर तो कसा होता? मित्रांच्या, खोलीतल्या जोडीदारांच्या साऱ्या आठवणी एकाच दिशेनं जातात. ज्याला आडवा पाडला त्याला हात देऊन उठवणारा. गाजावाजा नको असलेला. ज्यू मुलांच्या सिग्मा अल्फा म्यू नावाच्या मंडळात तो सामील झाला, तिथला पहिला काळा सभासद. एक हंगाम विद्यापीठातून बास्केटबॉलही खेळला. मी कादंबरीकार आहे, इतका गुणी नायक मला अडचणीचा वाटतो. दोष शोधत मी बरेच दिवस काढले. हाती फारसं काही लागलं नाही. एवढंच वाटलं, की जिम ब्राऊन रागानं बोलायचा तिथं हा गप्प राहायचा, आणि त्या गप्प राहण्यात किती मनाचा मोठेपणा आणि किती अडखळणाऱ्या जिभेची भीती, हे सांगता यायचं नाही.

मग आला १९६१ चा डिसेंबर, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा. अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला हाइझमन ट्रॉफी मिळते. १९३५ पासून ती दिली जात होती आणि २६ वर्षांत एकदाही ती काळ्या खेळाडूच्या हाती गेली नव्हती. खुद्द जिम ब्राऊनलाही ती हुकली होती. ती अर्नीला मिळाली. ६ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये समारंभ झाला. राष्ट्राध्यक्ष केनेडी त्या दिवशी त्याच शहरात होते, त्यांनी त्याला भेटायला बोलावलं. खाणकामगाराचा नातू राष्ट्राध्यक्षांशी हात मिळवून आला. एल्मायरात त्या दिवशी काय झालं असेल, याची कल्पना आपल्याकडं पहिल्यांदाच कुणी कलेक्टर झालेल्या खेड्यावरून करावी.

त्याच आठवड्यात व्यावसायिक संघांची निवड झाली. पहिली निवड वॉशिंग्टनच्या संघाची होती, आणि इथं गोष्टीला वेगळंच वळण आहे. त्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी काळ्या खेळाडूला घ्यायचंच नाही असा हेका वर्षानुवर्षं धरला होता. बाकी सगळे संघ बदलले, हे बदलले नाहीत. शेवटी केनेडी सरकारचे मंत्री स्ट्यूअर्ट युडाल यांनी त्यांना ताकीद दिली. नवं क्रीडांगण सरकारी जमिनीवर आहे. भेदभाव करायचा तर ते वापरायला मिळणार नाही. मालकांनी मान तुकवली. अर्नीची निवड केली आणि लगेच त्याला क्लीव्हलंड ब्राउन्सला देऊन टाकलं. मोबदल्यात बॉबी मिचेल हा नावाजलेला काळा खेळाडू आणि आणखी एक जण मिळाला. म्हणजे अर्नी तिथं खेळला नाही, पण त्याच्या नावाच्या व्यवहारातून वॉशिंग्टनची शिवाशिव संपली. एका विचारानं नाही संपली, भाडेकराराच्या एका अटीनं संपली. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

क्लीव्हलंड म्हणजे जिम ब्राऊनचा संघ. तो आणि हा, दोघं एकाच बाजूनं धावणार होते. वर्तमानपत्रांत ८० हजार डॉलरच्या कराराचा आकडा आला. नवख्याला तोवर एवढी रक्कम मिळाली नव्हती. १९६२ च्या उन्हाळ्यात तो पदवीधर झाला. मी त्या काळातली छायाचित्रं पाहिली. रुंद खांदे, कोट जरा घट्ट, आणि चेहऱ्यावर आता सगळं मार्गी लागलं असं हसू.

जूनच्या अखेरीस बफेलोला एक प्रदर्शनी सामना झाला. त्यात तो मंदावलेला दिसला. दमला असेल, असं सगळ्यांना वाटलं. जुलैत शिकागोजवळ इव्हान्स्टनला निवडक कॉलेज खेळाडूंचं शिबिर होतं. एका सकाळी उठला तर मान सुजलेली. गालगुंड असेल म्हणून इस्पितळात नेलं. रक्त तपासलं. रक्ताचा कर्करोग होता, आणि तोही झपाट्यानं वाढणारा.

डॉक्टरांना कळलं. क्लीव्हलंड संघाचे मालक आर्ट मॉडेल यांना कळलं. अर्नीला सांगितलं गेलं नाही. रक्तात काही बिघाड आहे, उपचार चालू आहेत, एवढंच.

इथं मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागते. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, १९८८ साली याच रोगानं आजारी पडला. एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला आणि वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि वर सल्लाही दिला की पेशंटला बोलू नका, खचेल. आम्ही ऐकलं. दादाला सांगितलं की रक्त कमी झालंय, भरून येईल. वहिनीलासुद्धा अर्धंच सांगितलं. घरात सगळे मोठ्यानं बोलायचे, उगाच हसायचे. मग एके दिवशी दुपारी दादा माझ्या शाखेत आला. मी काऊंटरच्या मागं. त्यानं नामनिर्देशनाचा फॉर्म मागितला. मुदत ठेवींना वारस नेमायचा तो डीए-१. एक नव्हे, चार मागितले. माझ्यासमोर बसून स्वच्छ अक्षरात चारही भरले, प्रत्येकावर वहिनीचं नाव. साक्षीदार म्हणून सही करायला फॉर्म माझ्याकडं सरकवला. मी सही केली. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. चहा घेऊन तो गेला. त्यानंतर तो तीन महिने होता, आणि त्या तीन महिन्यांतही आम्ही रक्त भरून येण्याच्याच गोष्टी करत राहिलो.

म्हणून अर्नीच्या आयुष्यातला १९६२ चा ऑगस्ट मला वाचवत नव्हता. क्लीव्हलंडच्या प्रचंड क्रीडांगणात हंगामापूर्वीचा सामना होता, ७७ हजारांवर माणसं. दिवे मंद केले आणि प्रकाशाचा एकच झोत मैदानावर सोडला. साध्या कपड्यांतला अर्नी त्या झोतातून मैदानावर चालत आला. सगळं क्रीडांगण उभं राहिलं. मुलगा आजारी आहे, एवढंच त्या लोकांना माहीत होतं. मालकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला सगळं माहीत होतं. झोतात उभ्या असलेल्या मुलाला काय माहीत होतं? मी दादाच्या चार फॉर्मवरून अंदाज बांधतो. रोग्याचं शरीर डॉक्टरांच्या आधी बोलत असतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे डॉक्टर ऑस्टिन वाइसबर्गर यांनी त्याला समोर बसवून रोगाचं नाव सांगितलं. तेव्हा औषधांनी रोग मागं हटला होता, अंगात ताकद आली होती. त्या काळची औषधं एवढंच करू शकत. काही महिने दूर ढकलायचं. हे ऐकून तो कोसळला नाही, असं जवळचे सगळे सांगतात. मला ते खरं वाटतं, आणि त्यात फक्त धैर्य होतं असंही वाटत नाही. एकट्यानं वाहायचं ओझं आता उघड्यावर उतरवता आलं, याचीही सुटका त्यात असेल. आम्ही दादाला ती दिली नाही.

रोग हटला आहे, मग खेळू का, हा त्याचा पुढचा प्रश्न. मॉडेल यांचं मत होतं की वैद्यकीय हरकत नसेल तर मुलाला मैदानावर उतरू द्यावं. प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांनी साफ नकार दिला. दोघांचं आधीपासूनच पटत नव्हतं, त्यात ही ठिणगी पडली. १९६३ च्या जानेवारीत पॉल ब्राऊन यांना काढून टाकण्यात आलं. त्याला कारणं अनेक होती, हे त्यातलं एक. कुणाचं बरोबर? मी पुष्कळ विचार केला. प्रशिक्षकाच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. एका धडकेत काही झालं तर, या भीतीनं. आणि त्या मुलाच्या जागी असतो तर त्या नाहीला जन्मभर क्षमा केली नसती, मग ते जन्मभर कितीही लहान का असेना. अर्नीनं मात्र कुणाविरुद्ध चकार शब्द काढला नाही. हंगामभर साध्या कपड्यांत सामने पाहत राहिला.

फेब्रुवारीत एल्मायराच्या शाळेनं त्याचा सत्कार केला, केनेडींची तार आली. मार्चमध्ये एका मोठ्या साप्ताहिकात त्याच्या नावानं लेख प्रसिद्ध झाला. मी स्वतःला दुर्दैवी समजत नाही, असं त्यानं त्यात सांगितलं होतं. माझ्यासारख्या पाठकोऱ्या कागदावर दुःखाचे हिशेब मांडणाऱ्या माणसाला हे वाक्य पचायला जड गेलं. पण तो लेख दोनदा वाचला तेव्हा त्यातला सूर शौर्याचा वाटेना. आजोळच्या त्या पोराचाच वाटला. आपल्यामुळं कुणाला त्रास नको.

१६ मे १९६३ ला तो मॉडेल यांच्या कचेरीत गेला. काही दिवस इस्पितळात जाऊन येतो, एवढं सांगायला. सगळ्यांनी केलेल्या खर्चाबद्दल, धावपळीबद्दल त्याला ओशाळं वाटत होतं. मग तो क्लीव्हलंडच्या लेकसाइड इस्पितळात भरती झाला. १८ मे च्या सकाळी झोपेतच गेला.

एल्मायरात त्याचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं, तेव्हा दहा हजारांवर लोक रांगेत उभे राहिले. क्लीव्हलंडचा संघ आला. अमेरिकेच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांत त्याच्याविषयी भाषणं झाली. त्यानंतर सहा महिन्यांत खुद्द केनेडीही गेले, डलासमध्येच.

फ्लॉइड लिटल नावाच्या एका शाळकरी खेळाडूला अर्नी सिरॅक्यूजला ये म्हणून गळ घालायला भेटला होता. त्या मुलाचं काही ठरत नव्हतं. अर्नी गेल्याची बातमी आली आणि त्यानं सिरॅक्यूज ठरवलं. ४४ नंबरचा बनियन त्यानं घातला आणि तोही मोठा खेळाडू झाला. विद्यापीठानं पुढं आपला टपाल विभागाचा पिनकोडसुद्धा ४४ वर संपणारा मागून घेतला, १३२४४. २००५ साली तो नंबर निवृत्त केला. एल्मायरातल्या त्याच्या जुन्या शाळेला त्याचं नाव दिलं, दारात पुतळा उभा केला. २००८ साली सिनेमा आला, माझ्या नातवानं पाहिला तो हाच.

त्या दफनभूमीत शेजारीच आणखी एक जागा आहे, तिचाही उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. यादवी युद्धाच्या शेवटच्या वर्षात एल्मायराला दक्षिणेच्या युद्धकैद्यांची छावणी होती, आणि थंडीनं, रोगराईनं तिथं सुमारे तीन हजार कैदी मेले. ते गुलामगिरीच्या बाजूनं लढलेले. त्यांना मूठमाती देण्याचं काम ज्याच्याकडं होतं तो जॉन जोन्स हा व्हर्जिनियातून पळून आलेला गुलाम. त्यानं प्रत्येकाचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख अशी काही चोख नोंदवून ठेवली, की जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्याशी आज नावाचा दगड आहे. अशी वही मला माझ्या साऱ्या नोकरीत पाहायला मिळाली नाही. तो जोन्सही वुडलॉनमध्येच आहे. ट्वेन, जोन्स, अर्नी. सगळे दहा-पंधरा मिनिटांच्या चालीच्या आत.

परतायच्या आधी आम्ही पुन्हा एकदा एल्मायराला गेलो. नातू अर्नीच्या दगडापाशी उकिडवा बसला आणि त्यानं मला विचारलं, की क्लीव्हलंडनं अर्नीसाठी ठेवलेला ४५ नंबर निवृत्त केलाय, तर त्या नंबरानं तो सामने किती खेळला? मी म्हटलं, एकही नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याला आणखी एक शंका आली, की अर्नीला आधीच सांगितलं असतं तर त्याला जास्त बरं वाटलं असतं का? तेवढ्यात लेकीनं गाडीतून हाक मारली, पाऊस येत होता. आम्ही पळत सुटलो. इथाकाच्या अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की ट्वेनच्या खांबापाशी फोटो काढायचा या खेपेलाही राहूनच गेला.